तेलपाणी यांची दुपारची उत्तरं

४ जून

ती. काकूस,

सा. न. वि. वि. घरच्या गोष्टी पडद्यावर वाचणार नाही असं तू बजावलंस, म्हणून कागदावर लिहिते आहे. बोटांना पेनाची सवय राहिलेली नाही, अक्षराला हसू नकोस.

इकडे सगळं ठीक. आमच्या ऑफिसात सात शिकलेली माणसं आठवडाभर एका बटणाच्या रंगावरून भांडली आणि शेवटी बटणच काढून टाकलं. तुझी पुतणी वेबसाइटी बनवते म्हणजे काय करते, असं कुणी विचारलं तर हेच सांग.

आता मुद्दा. इंटरनेटवरचं काकांचं ते पान, जिथे लोक शिलाई मशीनच्या दुरुस्तीचे प्रश्न विचारायचे, ते ज्या कंपनीकडे ठेवलं आहे, ती तीस तारखेला गाशा गुंडाळते आहे. कॉलेजात असताना मी बनवलेलं ते पहिलंच पान. त्यावर अजून तारे लुकलुकतात, मला लाज वाटते. काका जाऊन दोन वर्षं झाली, आता ते मिटवावं असं मनात होतं. म्हणून सगळं उतरवून घ्यायला बसले, तर काय दिसावं? काकांच्या ‘तेलपाणी’ या टोपणनावाने लोकांना उत्तरं जाताहेत! काका गेल्यानंतरची दोनशे अकरा. सगळी दुपारी दोन ते तीनमधली, शेवटचं परवाचं.

स्वर्गात इंटरनेट पोचलं असेल, असं मी आधी धरून चालले. मग एक उत्तर वाचलं. सगळ्या दुखण्यांवर ‘आधी तेल घाला’ सांगणाऱ्या काकांनी कुणाला तरी लिहिलं आहे, की आधी सुई बदला, माझी बायको हे तीस वर्षं सांगत होती, मी मूर्खासारखं ऐकलं नाही. काकू, मरून माणूस सुधारतो म्हणतात, पण काका इतके सुधारणार नाहीत. चोर सापडला!

रागावलेली नाही. हसून पोट दुखतं आहे. पण खरं काय ते कळव. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खार

•

११ जून

चि. खारीस,

अ. उ. आ. अक्षराला हसले. मुंगी शाईत पडून घरी चालत गेल्यासारखं आहे.

चोर मी, मान्य. पण चोरी कशी झाली ते ऐक. हे गेल्यावर तीन आठवड्यांनी तुझं ते पान सहज उघडलं. एका बाईचं मशीन अडलं होतं आणि सोमवारपर्यंत मुलांचे गणवेश द्यायचे होते. पाच वेळा विचारलं होतं तिने. मला उत्तर येत होतं. तीस वर्षं दुकानात यांच्या शेजारी बसून शिवलं, पेचकस मागायच्या आत हातात दिला, मग येणार नाही? पासवर्ड यांनी तेलाच्या डब्यावरच चिकटवून ठेवला होता. पान उघडताना एक चौकोन विचारतो, तुम्ही यंत्र नाही ना? मी खूण केली. ते खरंच होतं. तुम्ही नवरा नाही ना, असं त्याने विचारलंच नाही.

‘मूर्खासारखं’ लिहिलं तेव्हा फार बरं वाटलं. दुपारभरच. मग वाटलं, हे असते तर चांगले तासभर भांडले असते.

तुमच्या इंटरनेटचं एक कळत नाही. मी अंगठेबहाद्दर राहू नये म्हणून मशीनच्या माहितीपुस्तकांवर एकेक अक्षर लावत वाचायला शिकले. आणि इथे एवढी शिकलेली माणसं आभार मानायचे तर नुसता अंगठा उठवतात! एक कोट शिवणारी बाई मात्र नीट लिहिते. मी तिला कोटवाली म्हणते. आठवड्याला तिचा एक प्रश्न असतोच. मशीनपेक्षा तिचा नवराच जास्त बिघडलेला असतो.

पान मिटवू नकोस, बाळ. तेवढा एक तास मला कुणीतरी काही विचारतं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद आहेतच, पत्रही येत राहू दे.

तुझी,
काकू

•

१७ जून

ती. काकूस,

सा. न. वि. वि. पान मिटवत नाही. दुसरीकडे नेते आहे, पण काकांच्या नावाने नाही.

कारण तुझी कोटवाली. परवा तिने लिहिलं, की पाच जुलैला मशीन घेऊन येते, तेलपाणींना एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. आणि तू काकांच्या नावाने घरचा पत्ता देऊन ‘अवश्य या’ म्हणून मोकळी झालीस! दारात ती काकांना विचारेल तेव्हा मिशी लावून उभी राहणार आहेस का?

तिला दारात सांगणं तुला जड जाईल, आणि तिलाही ऐकणं. म्हणून आधीच सांग. नवं पान तयार आहे, जुन्या पत्त्यावर येणारी माणसं आपोआप तिथे पोचतील. त्यावर पहिली नोंद तुझी, तुझ्या खऱ्या नावाने, काका गेल्याची. ती मी लिहिणार नाही. तीस तारखेपर्यंत आली नाही, तर पान बंद. ही धमकी आहे, आणि हे पत्र मी दोनदा फाडून पुन्हा लिहिलं हेही खरं.

रागावलीस तरी लोभ तेवढा शिल्लक ठेव.

तुझी,
खार

•

२ जुलै

चि. खारीस,

अ. उ. आ. रागावले होते. चार दिवस.

पहिल्या दिवशी लिहिलं, तेलपाणींना बरं नसतं. पुसलं. दुसऱ्या दिवशी त्यांना निवृत्त केलं. तेही पुसलं. कागदावर खोडलं की डाग राहतो, तुमच्या पडद्यावर काही राहत नाही, म्हणून तिथे खोटं बोलणं सोपं जातं. शेवटी कागद घेतला. लिहिलं, की हे गेले, दोन वर्षं झाली, त्यानंतरची उत्तरं माझी, फसवलं त्याची माफी असावी. ‘हे गेले’ असं माझ्या हाताने मी कुठेच लिहिलं नव्हतं. सरकारी कागदही तुझ्या बाबांनी भरले, मी नुसती सही केली. अठ्ठावीस तारखेला तसंच्या तसं नव्या पानावर उतरवलं आणि खाली माझं नाव घातलं.

संध्याकाळपर्यंत एकोणीस जणांनी दुःख कळवलं. दोघांनी झापलं, बरोबरच झापलं. दुःख कळवणाऱ्यांना उत्तर काय देतात ते सांग, मला एवढंच येत नाही.

कोटवाली गप्प. दोन दिवस मी ते पान इतक्या वेळा उघडलं, की त्यालाही माझा कंटाळा आला असेल. गेली आपली कोटवाली, असं धरूनच चालले होते. काल तिचा प्रश्न आला. दुःखाचं एक अक्षर नाही. पाच तारीख कायम आहे ना, म्हणाली. मशीन जुन्या लोखंडाचं, भारी जड आहे, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता, जिन्यात दुसरं टोक धरायला घरात कुणी आहे का?

मी लिहिलं, मी आहे.

तुझ्यावर लोभ आहे तो आहेच, मागू नये.

तुझी,
काकू