तुटलं तिथून पुढं

३ मार्च, उमरगा
मसुदा पाठवला. तिसऱ्यांदा. रेंज गेली तर फाईल पहिल्यापासून नको, तुटली तिथून पुढं जावी. सगळ्या फोनांत एकाच पद्धतीनं. त्याचे नियम लिहायला कार्यगट मंजूर करा, एवढंच मागणं. इंटरनेटचे नियम ठरवणारी संस्था आधी सभा घेणार, मग निर्णय. पॉलिटेक्निकात कुणाला बोलले नाही. प्राचार्य म्हणतील, मॅडम, आधी पेपर तपासा.

९ मार्च
भावाच्या गावी, माकणीच्या अलीकडं. भावजय नंदा तिथं नर्स. परवा एका गरोदर बाईचे रिपोर्ट डॉक्टरांना पाठवत होती. नव्वद टक्क्यांवर अडकायचं, परत शून्य. चार वेळा. शेवटी जीपनं उमरग्याला आणलं. बाई वाचली. बाळ...
रेंजमुळंच, असं म्हणता येत नाही. नंदाही म्हणाली नाही. एवढंच, "ताई, तुमचं ते नियमाचं कवा व्हायचं?"
"बघू."
तीन वर्षं बघतेय.

१७ मार्च
पीटरची मेल. मसुद्यावर त्याचं नि माझं, दोघांचीच नावं. कंपनीनं त्याला दुसऱ्या कामाला लावलं. "सॉरी. माझं नाव काढलंस तरी चालेल." चिडावं तर माणूस भला.

२० मार्च
सभा, ऑनलाइन. दुपारी लॅबमधून बोलले, दहा मिनिटं. एकजण म्हणाला, टॉवर वाढले की हा प्रश्नच उरणार नाही. उत्तर होतं. वेळ संपला होता.
मग हात मोजले. प्रश्न खरा आहे का? स्क्रीनभर हात. लिहायला कोण येणार? दोन. त्यातला एक माझा.

२८ मार्च
निर्णय आला. काम करणारी माणसं दिसत नाहीत, सबब आत्ता मंजुरी नाही. माणसं जमली तर परत या.
नंदाचा फोन. "न्हाय म्हणले का?"
"तसं नाही."
"मग व्हय म्हणले?"
"तसंबी नाही."
 

११ जून
लिहायला या म्हणून सतरा जणांना कळवलं होतं. दोन उत्तरं. एक, रजेवर आहे. दुसरं, शुभेच्छा.

२ सप्टेंबर
सहा महिन्यांत नव्या तारखेनं परत चढवला नाही, की मसुदा आपोआप बाद होतो. उद्या होईल. काही न करता सुटका.
जेवण करून फाईल उघडली. बदलण्यासारखी एक ओळ नाही. नुसती तारीख बदलली. पीटरचं नाव काढलं. वर आता माझं एकटीचं, लई मोकळं दिसतंय.
अजून चढवला नाही.