बुर्गीची पहिली सुट्टी

पूज्य फादर फ्लोरियान यांस,

धाकटी बहीण नोटबुर्गा हिचा गुडघे टेकून नमस्कार. (एकच टेकते. दुसऱ्याला डॉक्टरांची मनाई आहे, आणि देवाला ते चालतं असं तुम्हीच एकदा प्रवचनात सांगितलं होतं.) आपला आशीर्वाद या घरावर, कोंबड्यांवर आणि बाल्कनीतल्या जिरेनियमवर असावा.

इथवरचं फादरांसाठी. पुढचं आमच्या फ्लोरीसाठी आहे, तेव्हा फादरांनी चष्मा काढून ठेवला तरी चालेल. तुझी कंबर कशी आहे? म्हाताऱ्या पाद्र्यांच्या त्या घरात स्वयंपाकीण अजून सूपात मीठ विसरते का? मी मीठ पाठवलं असतं, पण लोक म्हणतील बहिणीला विएन्नात मीठ मिळतं हेही माहीत नाही. जर्दाळूचा जॅम मात्र पाठवलाय. शेजारच्या खोलीतल्या त्या बड्या पाद्र्यांना, मॉन्सिन्यॉरना, दाखवू नकोस, मागच्या वेळी बरणी तीन दिवसांत रिकामी झाली होती असं तूच लिहिलं होतंस. माझी तब्येत ठणठणीत आहे. आणि फ्लोरी, मी सुट्टीवर जाऊन आले. पुन्हा वाच. सुट्टीवर पाहुणे आले नाहीत, मी गेले.

झालं असं, की नाताळात जर्मनीतल्या वुपरटालच्या क्राविंकलबाईंचं कार्ड आलं. साहेब शरद ऋतूत गेले आणि बाई आता मुलाच्या गावी वृद्धाश्रमात आहेत, तेव्हा यापुढे येणं नाही. आपल्याकडे न चुकता येणारं ते शेवटचं जोडपं. साहेबांना गावच्या सभापतींनी निष्ठावंत पाहुणा म्हणून सोन्याच्या मुलाम्याची पिन लावली होती ते तुला मी लिहिलंच होतं, पण ती पिन ते सकाळी अंघोळीच्या झग्यावरही लावून यायचे हे लिहायचं राहून गेलं. बाकीचे आधीच गळाले. काही स्मशानात गेले, काही तुर्कस्तानला. (तुला धक्का बसेल, पण मला तुर्कस्तानवाल्यांचा राग जास्त येतो.) तर ते कार्ड टेबलावर ठेवून सिग्रिड म्हणाली, "आई, आता पुरे. 'खोल्या मिळतील'ची पाटी उतरवू या." मी म्हटलं, आधी माझं मढं उचल, मग पाटी उतरव. ती म्हणाली, "तुला विश्रांती म्हणजे काय ते माहीतच नाही. एक आठवडा पाहुणी म्हणून कुठेतरी जा. परत येऊन म्हणालीस की बरं वाटलं, तर पाटी उतरवायची. नाही वाटलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही." मी तिथल्या तिथे हात पुढे केला. जिंकणार याची खात्रीच होती. मला बरं वाटणं इतकं सोपं नाही, हे माझ्या नवऱ्याला, हुबेर्टला विचार. (तो वर आहे, तुझी तिथे ओळख असेलच.)

तुला खरं कारण सरळ सांगते, तू काही सिग्रिडला सांगणार नाहीस. कामाला मी भीत नाही, रिकाम्या घराला भिते. सिग्रिड फिलाखहून दर शनिवारी येते. का? तर शनिवार म्हणजे जुने पाहुणे जायचा नि नवे यायचा दिवस, चादरी बदलायचा दिवस. दोघी मिळून चादरीची चार टोकं धरतो, झटकतो, ती बँकेतल्या लोकांच्या चुगल्या सांगते, मी गावातल्या. पाहुणे नाहीत तर चादरी नाहीत, आणि चादरी नाहीत तर शनिवार नाही. एवढंच आहे ते.

आणि पाटी म्हणजे तरी काय रे, आपलं सगळं लहानपण त्या पाटीखाली गेलं. जूनच्या शेवटी आई म्हणायची "चला," की आपण आपल्या खोल्यांतून उशा काखोटीला मारून न्हाणीघरामागच्या धुण्याच्या खोलीत. तू कपडे भिजवायच्या लाकडी टबात झोपायचास, तुझे पाय बाहेर, आणि मी इस्त्रीच्या टेबलाखाली. आपल्या पलंगांवर हॅम्बुर्गची गोरीपान पोरं. तू सफरचंदांच्या तळघरात बसून लॅटिन पाठ करायचास आणि परीक्षेला गेलास तेव्हा अंगाला सफरचंदाच्या दारूचा वास यायचा, म्हणून मठातल्या गुरुजींनी आईला बोलावून घेतलं होतं. "हसू नका, पाहुणे झोपलेत. धावू नका, पाहुणे वाचताहेत. पोहू नका, पाहुणे पोहताहेत." तळं दारात, पण जुलैत त्यात पाय घालायचा तो सगळे जेवायला बसल्यावर. कितीतरी वर्षं मला वाटायचं की उन्हाळा हा ऋतू जर्मनीहून गाडीत घालून आणतात आणि सप्टेंबरात परत नेतात. पण काय सुख होतं, फ्लोरी! न्हाणीघरामागे आपण चौघं, आई-बाबा धरून, एकाच खोलीत. हिवाळ्यात आपापल्या खोल्या परत मिळाल्या की मला आठवडाभर झोप यायची नाही.

असो. मी वाइसनझेला गेले, आपल्या बाबांना तिथलं पाणी फार स्वच्छ वाटायचं ना, म्हणून. बसवाल्याने तळ्याकाठी उतरवलं. सिग्रिडने ठरवलेली पेन्शन, आपल्यासारखंच पाहुण्यांना खोल्या देणारं घर, समोरच होती, लाल जिरेनियम, पांढऱ्या भिंती, दाराशी सुंदर कमान. मी कमानीकडे बघितलं आणि सरळ वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. मुद्दाम नव्हे! आयुष्यात कुठल्याही पेन्शनमध्ये मी पुढच्या दाराने गेलेली नाही, पायांना माहीतच नाही. आत मालकीणबाई आनेलोरे, तिशीतली, केस विस्कटलेले, एका हातात फोन नि दुसऱ्यात झारा. मला बघून म्हणाली, "देव पावला! सकाळपासून वाट बघतेय तुमची." मला वाटलं, काय हे अगत्य. असं अगत्य आपण कधी दाखवलं होतं का? मग तिने माझ्या हातात ॲप्रन दिला. आणि फ्लोरी, मी तो बांधला. त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. कुणी ॲप्रन दिला की बांधायचा, कुणी बटाटे पुढे ठेवले की सोलायचे. गावातून मदतनीस बाई पाठवणार होते, ती मीच असं तिला वाटलं होतं, आणि मला वाटलं, या भागात पाहुण्यांचं असंच करत असतील, नवीन पद्धत असेल. संध्याकाळी सिग्रिडचा फोन आला, आई पोचली का म्हणून. आनेलोरे म्हणाली, "नाही हो, पेट्रिचबाई अजून आल्याच नाहीत, मलाही काळजी लागलीय." तेव्हा मी बटाट्यांच्या घमेल्यामागून म्हटलं, "त्या मीच."

पोरगी रडायच्या बेतात आली. मी तिला समजावलं की बटाटे छान होते. तिने मला वरच्या मजल्यावरची, तळ्याकडे बाल्कनी असलेली खोली दिली आणि चार वेळा माफी मागितली. मी मनात खूश. पहिल्याच दिवशी इतकं वाईट! पैज जिंकल्यातच जमा.

पण सवय कुठे जाते? पहाटे उठून मी माझा पलंग आवरला, मग बोळातल्या कपाटातल्या चादरी घडीला घडी लावून रचल्या, मग खाली जाऊन टेबलं मांडली. न्याहारीला हॉलंडचे एक लांबलचक गृहस्थ म्हणाले, "बाई, अजून एक अंडं मिळेल?" मी आणून दिलं. आनेलोरे धावत आली. "पेट्रिचबाई, बसा!" मी बसले. तेवढ्यात कुणाचा तरी चमचा पडला, मी उठले. "बसा म्हणते ना!" तिच्या सासूने कोपऱ्यातून म्हटलं, "अगं, राहू दे. दोरी सुटली तरी वासरू खुंट्याभोवतीच फिरतं." मला ती सासू फार आवडली.

दुपारी जेवायला काझनुडल, आपले चीज भरलेले, करंजीसारखे, कडेला मुरड घातलेले. (तुझ्या तोंडाला पाणी सुटलं असेल, आधी पुसून घे.) ताट आलं आणि माझा घास हातातच राहिला. कडेला मुरड नाही! आनेलोरे शेजारच्या स्टायरिया प्रांताकडची, तिने कडा काट्याने दाबल्या होत्या. फ्लोरी, काट्याने! आपल्याकडे जिला मुरड घालता येत नाही तिला नवरा मिळत नाही म्हणतात, आणि हिला नवरा आहे, सासू आहे, चाळीस पाहुण्यांची पेन्शन आहे, म्हणजे जग कुठे चाललंय बघ. मी सरळ आत गेले. बोटं पिठात घालून दाखवलं, अंगठा असा, तर्जनी अशी, चिमूट आणि दुमड. सासू दारात उभी राहून म्हणाली, "सात वर्षं मी तोंड दाबून बसलेय, आज देवाने माणूस धाडलं." आनेलोरे तिच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही शिकवलं असतं तर शिकले नसते का?" "विचारलंस कधी?" "तुम्ही कधी सांगितलंत?" मी मध्ये पीठ मळत उभी. तिघींनी मिळून रात्रीच्या जेवणाचे सगळे नुडल केले. सासू-सुना हसत होत्या. पण दुसऱ्या दिवशी आनेलोरेने माझा हात धरला, तळ्यावर नेलं, होडीत बसवलं, मांडीवर ब्रेड आणि डुकराच्या मांसाचा डबा ठेवला आणि होडी पायाने ढकलून दिली. म्हणाली, "दुपारपर्यंत तुम्हाला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी आहे. मुरड मी घालीन, तुम्ही फक्त बसा."

आणि फ्लोरी, मग मी बसले. जुलैचा महिना, सकाळची वेळ, आणि मी तळ्याच्या मधोमध, रिकाम्या हाताने. आयुष्यात पहिल्यांदा. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजावेत, डोंगरावरच्या गायींच्या घंटा इथवर येत होत्या. मी काठाकडे वळून बघितलं. पांढरी घरं, लाल फुलं, एका खिडकीतून एक बाई गादी झटकत होती, इवलीशी, तिचा आवाजही येत नव्हता. मला एकदम कळलं की क्राविंकलसाहेब रोज सकाळी होडीत बसून इतका वेळ काय बघायचे. ते आपल्याला बघायचे. आईला, मला, दोरीवर वाळणाऱ्या चादरींना. आपल्याला वाटायचं तळं सुंदर म्हणून हे लोक येतात. मला रडू आलं, मग ब्रेड खाल्ला, मग झोप लागली. जाग आली तेव्हा होडी लव्हाळ्यात रुतलेली आणि एक वल्हं पाण्यात गेलेलं. शेवटी हॉलंडच्या त्या लांबलचक गृहस्थांनी कंबरभर पाण्यात उतरून दोरीने ओढून आणलं. वर म्हणाले, "बाई, अंड्याची फेड झाली." सबंध काठ टाळ्या वाजवत होता. लाज म्हणशील तर वाटली नाही.

निघायच्या दिवशी आनेलोरे, सासू, नवरा, सगळे कमानीखाली उभे राहून रुमाल हलवत होते. आयुष्यभर कमानीखाली मीच उभी असायची, त्यामुळे बसमध्ये हातांचं काय करायचं ते समजेना. गाडी वळणापर्यंत जाईतो रुमाल हलवायचा हा नियम आहे, आणि ती वळली की आई कशी लगेच ओरडायची, "चादरी!" तशी आनेलोरेही ओरडली असेल. जाणाराला तो आवाज ऐकू येत नाही. त्याला फक्त रुमाल दिसतो. जाणारेही रडतात, हे मला ठाऊक नव्हतं.

तर पैजेचा निकाल: सिग्रिड स्टेशनवर न्यायला आली होती. मी गाडीत बसता बसताच सांगून टाकलं. हाल झाले माझे. बटाटे सोलायला लावले, अन्नाला मुरड नाही, होडी फुटकी, बुडता बुडता वाचले, पलंग मऊ, कॉफी पातळ. विश्रांती म्हणजे शिक्षा आहे, पुन्हा नाव काढू नकोस. ती गाडी चालवत राहिली. पाटी जागेवर आहे. मी जिंकले.

तुझ्या प्रार्थनेत हुबेर्ट आणि क्राविंकलसाहेब दोघांची आठवण ठेव. कंबरेला ऊब दे.

तुझी बहीण,
बुर्गी

ता. क. पाटी जागेवर आहे खरी, पण जुलैत कुणाचीच चौकशी आलेली नाही. ऑगस्टमध्ये एक जण आला, तो रस्ता चुकलेला होता.

ता. क. २. आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मी आनेलोरेकडे पुढच्या जुलैसाठी शेजारशेजारच्या दोन खोल्या राखून ठेवल्यात, दोन्ही तळ्याकडच्या. एक तुझ्या नावाने आहे. आपण दोघं सत्तरी ओलांडून बसलोय आणि उन्हाळ्यात एकाच छपराखाली पलंगावर कधी झोपलेलो नाही, हे काही बरं नाही. नाही म्हणू नकोस. सिग्रिडने विचारलं तर मारिया लुगाउच्या यात्रेला चाललोय म्हणून सांगू. हे खोटं म्हणावं की नाही ते तूच ठरव, तुझं शिक्षण त्यातलं आहे. (वाटेत पाच मिनिटं थांबू या, म्हणजे प्रश्नच मिटला.)

ता. क. ३. पाकीट चिकटवणार एवढ्यात सिग्रिडचा फोन आला. आनेलोरेने तिला सगळं सांगितलंय म्हणे, होडीतलं रडणंसुद्धा. मग म्हणाली, शनिवारी चादरी बदलायला येते. मी म्हटलं, अगं, त्यांवर कुणी झोपलंच नाहीये. "माहीत आहे," म्हणाली. "तरी येते."