रिकामं रीळ नवऱ्याला

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. ऑपरेशनची भीती वाटते हे खरं, पण झोप तिने उडवली नाही. माझी पोर, जिला आम्ही बुटकी म्हणतो, ती सध्या नणंदेकडे आहे. बुटकी झोपेत उठते आणि माझा कान चाचपते. कान हाताला लागला की परत झोपते. नणंदेच्या कानाला हात लावला तर काय होईल, याचाच विचार करत मी पडून होते. नणंद रडणाऱ्या पोरांना बाथरूममध्ये कोंडते. स्वतःच्या पोरांना कोंडताना मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सकाळी सिस्टरकडून कोरे कागद मागून घेतले आणि लिहायला बसले.

तर मी, खाली सही करणारी, शिवणकाम करून पोट भरणारी, एका मुलीची आई, असं लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे. दुखतंय ते पोट. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी पढवलेलं नाही, आणि मी गुंगीच्या औषधात नाही, ते अजून द्यायचंय. शाळा मी लवकर सोडली, त्यामुळे कायद्याचे शब्द शेजारच्या खाटेवरच्या आजींचे आहेत. त्यांचे यजमान कोर्टात शिपाई होते. बाकीचे शब्द माझे.

आजींना मी आधी म्हटलं, "तुम्हाला माझा थर्मास देते, नवा आहे."

त्या म्हणाल्या, "गप गं. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला बसायचं नसतं. थर्मास देतेस की सही घेतेस?"

मी सही घेते म्हटलं. थर्मासचं नंतर बघू.

डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन आहे, छोटं आहे. माझ्या आईलाही छोटंच सांगितलं होतं. आत जाताना तिने चपला माझ्या हातात दिल्या, सांभाळ म्हणाली. आम्ही चपला घेऊन घरी आलो. तेव्हा मला छोटं कोणी सांगू नये.

आता माझ्या मालकीचं काय काय आहे ते.

पहिलं, मशीन. मशीन म्हणजे मोठ्या चाकांचा टेपरेकॉर्डर, जुन्या स्टुडिओत असायचा तसला, समोर दोन चाकं गरगरतात तो. नवरा म्हणतो, "टेपरेकॉर्डर म्हणू नकोस, डेक म्हण." मी टेपरेकॉर्डरच लिहिणार. मी नवऱ्याला तोंडावर तुम्ही म्हणते आणि इथे तो लिहिते. मृत्युपत्रात मान दिलाच पाहिजे असं नाही, हे मी आजींना विचारून घेतलंय.

नवरा चष्म्याच्या दुकानात विक्रीला आहे. दिवसभर लोकांच्या गळ्यात महागाच्या काचा मारतो. त्याच्या गळ्यात मशीन मारणारा एक जण त्याला भेटला. तो दुकानात काय, रस्त्यात काय, सदानकदा गळ्यात हेडफोन लटकवून असतो, म्हणून मी त्याला हेडफोनशेठ म्हणते. तो जुनी मशीनं आणून, आतलं सगळं नवं घालून, चकचकीत करून विकतो. आमच्याकडे दोन माणसांनी ते मशीन जिन्यावरून वर चढवलं. नवऱ्याने आयुष्यात माझी पाण्याची बादली उचलली नाही, पण मशीनच्या खाली हात धरून तो पायरी पायरी मागे चालत होता, "सांभाळून, सांभाळून" करत. मी बुटकीच्या वेळी दिवस भरलेले असताना तोच जिना चढायचे. तेव्हा तो पुढे जाऊन कुलूप उघडायचा.

मशीन आणायच्या आधी तो सगळ्या खोल्यांतून टाळ्या वाजवत फिरला. मला वाटलं, याला झालंय काय. तर म्हणे, कुठल्या खोलीत आवाज घुमत नाही ते बघतोय. टाळी पसंत पडली ती माझ्या शिवणाच्या खोलीत. मी म्हटलं, "अहो, तिथेच उजेड आहे. मी शिवू कुठे?" तर म्हणाला, "आता तुला शिवायची गरजच काय?" आणि माझं शिलाई मशीन आणि काज करायचं मशीन, दोन्ही विकून टाकली. तो पैसा टेपरेकॉर्डरमध्ये गेला. बुटकीचा फ्रॉक उसवला तेव्हा म्हणतो कसा, "बाहेरून शिवून घेऊ." शिवणाऱ्या बाईला!

आणि आता मुद्द्याचं. बिल माझ्या नावावर आहे. त्याला कारण त्याचे मोठे भाऊ. सासूबाई आजारी होत्या तेव्हा मोठे भाऊजी त्यांना आपल्या घरी घेऊन गेले आणि दवाखान्याचा निम्मा खर्च त्याच्याकडे मागितला. हा त्यांना म्हणाला, "दादा, माझ्याकडे आहेच काय?" त्यानंतर थोड्याच दिवसांत हे मशीन. उद्या दादाला कळलं तर काय, म्हणून हेडफोनशेठला म्हणाला, "बिल हिच्या नावाने कर. दादाने विचारलं तर माहेरचं आहे म्हणून सांगता येईल." मशीन, दोन कपाटांएवढे स्पीकर, सगळ्या टेपा, सगळं माझ्या नावाने. सही कर म्हणाला, केली. हेडफोनशेठ मला म्हणतो, "वहिनी, अभिनंदन! मालकीणबाई झालात."

झाले. म्हणून मालकीण या नात्याने लिहून देते की माझ्या पश्चात सदर टेपरेकॉर्डर माझे मोठे दीर, ज्यांचं इस्त्रीचं दुकान आहे, त्यांना मिळावा. ते मला फार आवडतात अशातला भाग नाही. लग्नात ते माझ्या भावाला तुटक बोलले होते, ते मी विसरले नाही. पण इतर कोणाला दिलं तर नवऱ्याला एवढं लागणार नाही. त्यांनी सुट्टीच्या दिवशी, नवरा घरी असताना यावं आणि घेऊन जावं. जिन्यावरून नेताना "सांभाळून" म्हणायची गरज नाही. दुकानात काउंटरवर ठेवून वर इस्त्रीचे कपडे रचले तरी माझी हरकत नाही. विचारलंच तर खरं सांगावं, की सासूबाईंच्या दवाखान्याचा निम्मा वाटा पोचला.

टेपा. प्रत्येक टेप खोक्यात, खोकं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाला किल्ली. बुटकीचे लोकरीचे कपडे खाटेखाली. नवरा सांगतो की या टेपा मूळ रेकॉर्डिंगवरून पहिल्या हाताने उतरवलेल्या आहेत आणि असल्या फार थोड्या लोकांकडे असतात. या सर्व टेपा मी आमच्या इमारतीच्या माळीकाकांना देते. त्यांच्या मिरच्यांच्या रोपांवर पाखरं बसतात. फीत बांधली की ती वाऱ्यात फडफडते, चमकते, पाखरं जवळ येत नाहीत. काकांनी भरपूर लांब लांब कापावी आणि गच्चीच्या कडेलाही बांधावी. आमच्या घराच्या खिडकीतून दिसेल अशी.

माळीकाकांनाच का, ते पुढे येतंय.

एक टेप तरी वाचवावी असं माझ्या मनात आलं होतं, पण वाचवण्यासारखी एकही नाही. त्या मशीनवर आवाज भरता येतो. बुटकी बोबडं बोलायची, गाडीला 'दादी' म्हणायची, तेव्हा मी म्हटलं होतं, "अहो, एकदा हिचा आवाज भरा ना." तर म्हणाला, "अगं, ही टेप असल्या गोष्टींवर घालवायची नसते." आता बुटकी गाडीला गाडी म्हणते.

स्पीकर विकावेत आणि त्यातून बुटकीला नवी गादी घ्यावी. उरलेलं तिच्या नावाने ठेवावं. घेणारा हेडफोनशेठ असला तर त्याने पडेल किंमत सांगायचा प्रयत्न करू नये, माझा भाऊ सोबत असेल.

तिची जुनी गादी. नवऱ्याला ऐकताना बाहेरची भांडी, नळ, बुटकीचं रडणं काही नको होतं. म्हणून त्याने बुटकीच्या खाटेवरची गादी काढून खोलीच्या दारावर खिळ्यांनी ठोकली. आतून ठोकली तर दार पुरतं उघडत नव्हतं, म्हणून बाहेरून. बुटकी माझ्याजवळ झोपायला लागली. तो म्हणाला, "बघ, तिलाही आवडतंय."

त्या दिवशी ओट्यापाशी माझ्या पोटात अशी कळ आली की मी खालीच बसले, मग आडवी झाले. उलटीतच पडले होते. तोंडातून आवाज निघेना. बुटकीला म्हटलं, बाबांना बोलव. ती गेली. मला ती दिसत होती. दोन्ही मुठींनी दार वाजवत होती आणि दार वाजतच नव्हतं. गादीवर मारून कसलं वाजणार! दाराची मूठ उंच आहे, तिच्या हाताला येत नाही. तिने डोकंही आपटून बघितलं. मग परत आली, माझा कान धरून बसली, आणि पुढचं मला आठवत नाही. ती अनवाणी जिना उतरून खाली गेली आणि माळीकाकांचा पाइप ओढून म्हणाली, "आई पडली." काका हातातला चिखल तसाच घेऊन वर आले. गाडी त्यांनी बोलावली. नवऱ्याला बाहेर काढलं तेही त्यांनीच, मूठ फिरवून आत जाऊन.

मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा मी जागी होते. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, येताय ना?"

नवरा म्हणाला, "एकच मिनिट हं, टेप संपत आलीय. तशीच फिरत राहिली तर टोक आपटून खराब होतं."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

इथे भेटायला आला तेव्हा म्हणाला, "अगं, मला ऐकूच आलं नाही."

"ऐकू येऊ नये म्हणूनच खिळे मारले होतेत ना?"

"ते बाहेरच्या आवाजासाठी गं. बुटकीसाठी थोडीच!"

आजी पलीकडून म्हणाल्या, "मग बुटकी बाहेर होती की आत?" तो घाईघाईने सफरचंदं ठेवून गेला. सफरचंदं मी वॉर्डात वाटून टाकली.

तर ती गादी काढू नये. खिळ्यांसकट दारावर तशीच राहावी. आत मशीन नाही, टेपा नाहीत, स्पीकर नाहीत, अशा खोलीत जाताना त्याने रोज ती बघावी.

नवऱ्याला काहीच दिलं नाही असं कोणी म्हणू नये. मशीन चालायला दोन चाकं लागतात. भरलेल्यावरून फीत सुटते आणि रिकाम्यावर गुंडाळते. त्याला काय म्हणायचं ते म्हणो, मी शिवणारी बाई, मी त्याला रीळच म्हणते. ते अॅल्युमिनियमचं रिकामं रीळ मी नवऱ्याला देते. चांगलं आहे, चमकतं.

माझी मोठी कात्री आणि बटणांचा डबा माझ्या भावजयीला. आमचं कधी पटलं नाही. ती माझ्या हाताच्या चहाला नाव ठेवते. पण तिच्या घरात पोराला आधी वाढतात, मग मोठे बसतात, आणि तिच्या घरी एकाही दाराला आतून कडी लावत नाहीत, कारण कडी मोडलीय आणि माझ्या भावाने वर्षानुवर्षं बसवलेली नाही. डब्याच्या तळाशी टेपरेकॉर्डरचं बिल आहे. नवरा बटणांना हात लावत नाही.

नणंदेला काही नाही. तिने मला फोनवर सांगितलं, "पोरगी आता आमच्याकडेच राहू दे. धाकट्या दादाला एकट्याला कसं जमणार, आणि तू काय, आज आहेस." पुढचं वाक्य तिने गिळलं. ते मी तिच्यासाठी इथे पुरं करते: आज आहे, म्हणून आजच लिहिते.

माझी मुलगी बुटकी ही माझ्या पश्चात माझ्या भावाकडे राहील. तो तिचा सांभाळ करील. नणंदेकडे नाही, नवऱ्याकडेही नाही. आजी म्हणाल्या, "पोरी, मुलीचं असं लिहिलं म्हणून कोर्ट ऐकेलच असं नाही." मी पेन खाली ठेवलं. तर म्हणाल्या, "ठेवू नकोस. लिही. कोर्टाने विचारलं की आईला काय हवं होतं, तर कोणाच्या तरी हातात कागद पाहिजे ना." म्हणून परत लिहिते. माझ्या भावाकडे. या कागदाप्रमाणे सगळं करून घ्यायचं कामही त्याचंच.

आणि मी परत आले, तर यातलं टेपरेकॉर्डरचं आणि टेपांचं मी स्वतःच्या हाताने करीन. माळीकाकांनी तेवढी वाट बघावी.

वर लिहिलेलं मी वाचून पाहिलं. खोडलेलं आहे तिथे माझीच खूण आहे. हे मी राजीखुशीने लिहिलं. राजी आहे, खुशी नाही.

लिहून देणार: बुटकीची आई. सही केली आहे.

साक्षीदार एक: शेजारच्या खाटेवरची आजी, कापडाच्या गिरणीतून निवृत्त. सही येते, अंगठा नाही, असं लिही म्हणाल्या.

साक्षीदार दोन: सकाळच्या पाळीची सिस्टर. माझ्यासमोर आजींनी आणि आजींसमोर मी, आणि आम्हा दोघींसमोर सिस्टरने सही केली.

ठिकाण: बायकांचा वॉर्ड, खिडकीकडची खाट. तारीख सिस्टरने स्वतःच्या हाताने वर घातली आहे.

आता न्यायला आलेत. हा कागद ज्याच्या हातात पडेल त्याला एक विनंती. माझा फोन नवरा चार्ज करून आणतो म्हणून घेऊन गेला, अजून आणला नाही. माझा भाऊ उंच क्रेन चालवतो. वर जाताना फोन खाली जमा करावा लागतो, आजींच्या फोनवरून लावून बघितला तर बंद आहे. मी इथे आहे हे त्याला अजून माहीत नाही. त्याचा नंबर याच पानाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलाय. संध्याकाळी पाळी सुटली की लावा. मी शुद्धीवर असले तरी लावा, नसले तरी लावा. खाली उतरल्यावर त्याला ऐकू कमी येतं, तेव्हा मोठ्याने बोला. माझं कसं आहे ते मागाहून सांगा. आधी एवढंच सांगा, की बुटकी नणंदेकडे आहे, आत्ताच्या आत्ता जाऊन तिला घेऊन ये.