स्पीकरवरचं बोट

ओतूर, ३ डिसेंबर २०२४

चि. तेजस्विनीस,
आत्याचे भरभरून आशीर्वाद.

फोनवर तू काय बोलतेस ते आता मला कळत नाही, म्हणून हे पत्र. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, उरलंसुरलंही जाईल. यंत्र लावलं, तर तुझ्या मामांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, घोरणं तेवढं ऐकू येतं, शब्द येत नाहीत.

माझा हॅम रेडिओ तू घेऊन जा. गच्चीवरच्या अँटेनाच्या तारेवर मामांनी आत्ताच टॉवेल वाळत घातलेत. मला वाईट वाटतंय असं समजू नकोस. चाळीस वर्षं जगभर गप्पा मारल्या, पुष्कळ झालं.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
वैजयंती आत्या


पारगाव, ९ डिसेंबर

ती. आत्यास,
तेजूचा वाकून नमस्कार.

साखर कारखान्यात हंगाम जोरात आहे, मोटारींच्या देखभालीतून मान वर करायला फुरसत नाही. पण तुझं पत्र वाचून रागच आला. सहावीत असताना तू माझ्या हातात माइक दिलास. पलीकडे केरळातलं कुणीतरी, आणि माझी दातखीळ बसलेली. तू म्हणालीस, "नुसतं नाव सांग. पुढचं ते विचारतील." त्या दुपारमुळे मी इंजिनिअर झाले, आणि आता तूच बंद करतेस?

बोलणं राहू दे, मोर्स लिपीची टिंबं-रेघा बोटाला कळतात का बघ. इथे मोटारीवर हात ठेवला की मला आतली थरथर कळते. जाळी काढलेला एक मोठा स्पीकर एसटीने पाठवतेय. तो रेडिओला जोड आणि त्याच्या पडद्यावर बोट हलकेच टेकव. दर रविवारी सकाळी मी आपल्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर हाक मारीन. नाहीच जमलं, तर रेडिओ न्यायला मुकाट्याने येते.

मामांना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझीच,
तेजू


ओतूर, १२ जानेवारी २०२५

चि. तेजूस,
आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच.

सुरुवातीला नुसता वैताग. बोट बधिर व्हायचं, अक्षरं एकमेकांत घुसायची. तुझ्या हाका वाया जात होत्या. एकदा तर स्पीकर कपाटात कोंबला. मामांनी तो गुपचूप परत आणून ठेवला. जन्मभर माझ्या नादाला टिकटिक म्हणून हसलेला हा माणूस, समोर मोर्सचा तक्ता धरून माझ्या तळहातावर टिंबं-रेघा मारायला बसला. पहिला शब्द काय, तर चहा. मी ओळखला, आणि करायलाही मलाच लावला. ओठांवरून कळलं, म्हणाले, "कान गेलं म्हून काय झालं, हात हाईत की."

आज सकाळी बोट टेकवलं. आधी नुसती खरखर, मुंग्या चालल्यासारखी. मग त्यातून एक ठोका वेगळा झाला. तुझं नाव अजून यायचं होतं, पण शेवटची रेघ अशी घाईघाईत उरकणारं दुसरं कुणी नाही. मामांना म्हटलं, आपली तेजू आली.

कळतंय का, असं तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस. मला उत्तराला उशीर झाला, कारण स्पीकरवरून बोट उचलवेना.

अशीच येत राहा.

तुझी,
आत्या