पिठीची अंघोळ

तीर्थस्वरूप ताईंस,

मेहुण्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कळ येते, की आता नुसत्या सवयीने 'आई गं' म्हणता? इकडे मी बरा आहे. हातांवर ओरखडे आहेत, पण ते भरत आलेत. घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्याकडचा फोन आमची हीच उचलते, 'दोघी एकत्र आल्या का?' एवढं विचारते आणि मी 'नाही' म्हटलं की ठेवून देते. तेव्हा ती बाजारात गेली की हे वाचा (भाजी निवडून घ्यायला तिला वेळ लागतो, सावकाश वाचा).

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी तिला फोनवर काय काय सांगितलं मला माहीत नाही. त्यांनी राईचा पर्वत केला असंही मी म्हणणार नाही, कारण पर्वत मुळातच होता. आमच्या दोन मांजरी तुम्ही पाहिल्या आहेत, पांढरी पिठी आणि काळी काजळी. तुमचं ऑपरेशन झालं, ही तुमच्या मदतीला आली, आणि घरात त्या दोघी नि मी उरलो. दुकान बंद करून आलो की करमायचं नाही, म्हणून मी त्यांचं अंग चाटणं बघत बसायला लागलो. ताई, लाँड्री चालवणाऱ्या माणसाने हे बघू नये. आधी पुढचा पंजा चाटून ओला करायचा, तो तोंडावरून आणि कानामागून फिरवायचा, मग मागचा एक पाय वर ताणून पोट, मग शेपूट मुळापासून टोकापर्यंत. साबण नाही, खळबळणं नाही, पिळणं तर नाहीच. ज्या जिभेने मासा खाल्ला तीच जीभ धुण्याला. (माझ्या दुकानात कुणी कपड्याला थुंकी लावली तर मी त्याला त्याच पावली घरी पाठवीन.) आणि एवढा खटाटोप करून मान राहतेच. मांजराला स्वतःची मान चाटता येत नाही. ती काजळी पिठीची चाटायची आणि पिठी काजळीची, डोळे मिटून, अगदी सावकाश. ही मला निव्वळ लाडीगोडी वाटली.

तर पिठीच्या मानेवर मला पिवळट झाक दिसली. जुन्या शर्टाच्या कॉलरला येते ना, तशी. पांढऱ्यावर पिवळी झाक दिसली की मला अन्न गोड लागत नाही, हा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे (तुमच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांचा सदरा मी भर मांडवात उतरवायला निघालो होतो, त्याबद्दल पुन्हा क्षमस्व). शिवाय ही घरी येईल तेव्हा पिठी कशी लख्ख दिसेल, ही बघतच राहील, असंही मनात आलं. चांगल्या हेतूने केलेलं कामच अंगाशी येतं. लोकरी कपड्यांसाठी ठेवलेला भारीतला साबण काढला, कोमट पाणी घेतलं आणि पिठीला टबात बसवलं. तिने जो आवाज काढला तो तिच्या एवढ्याशा देहात इतके दिवस कुठे होता कोण जाणे. पुढच्या झटापटीत पिठीपेक्षा मीच जास्त भिजलो, पण ती निघाली मात्र दुधासारखी. पुसून तिला उन्हात ठेवली. तिने माझ्याकडे पाठ केली आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं अंग पहिल्यापासून चाटायला घेतलं. आपल्या दुकानातून गेलेला कपडा गिऱ्हाइकाने घरी नेऊन पुन्हा धुवावा, तसं मला झालं.

तेवढ्यात काजळी आली. जवळ गेली, पिठीचा वास घेतला, आणि अंग फुगवून अशी फिस्कारली की मीच दोन पावलं मागे सरलो. सख्ख्या बहिणी, एका टोपलीत वाढलेल्या, पण ती पिठीला ओळखेना. पिठी बिचारी पुन्हा पुन्हा जवळ जायची आणि पंजा खाऊन परत यायची. तेव्हापासून एक स्वयंपाकघरात आणि एक झोपायच्या खोलीत, आणि मधल्या दारात मी. हिला कळलं तेव्हा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही तोडलंत, तुम्हीच जोडा. जोडलंत की कळवा, मग येते मी."

जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, त्या एकमेकींना चाटतात ते नुसतं स्वच्छतेसाठी नाही, त्यातून दोघींचा वास एक होतो. तो वास म्हणजे त्यांचं घर, आणि मी तो साबणाने धुऊन काढला. उपाय सोपा होता. दोघींना जिचा लळा आहे तिच्या अंगावरचा, न धुतलेला कपडा घ्यायचा आणि आळीपाळीने दोघींच्या अंगावरून फिरवायचा. मी उड्या मारत घरी आलो आणि कपाट उघडलं. ताई, घरात असा कपडाच नव्हता. ही तुमच्याकडे निघाली त्याच दिवशी तिच्या साड्या, शाल, टॉवेल, चादर, उशीचा अभ्रा, सगळं मी उत्साहाने धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलं होतं. (एरवीही तिने शाल खुर्चीवर टाकून पाणी प्यायला जावं, तर परत येईपर्यंत शाल धुण्यात गेलेली असते. 'तुम्हाला माणसाचा वासच नको असतो,' असं ती म्हणायची. मी ते कौतुक समजायचो.) दाराच्या खिळ्यापासून गादीच्या खालपर्यंत सगळं हुंगून पाहिलं. सगळीकडे साबण. इतकं चोख काम मी पैसे घेऊनसुद्धा कधी केलं नव्हतं. अभ्रा हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या धंद्याचा राग आला.

असो. तुम्ही व्यायाम चुकवू नका. साडूभाऊंना नमस्कार सांगा.

तुमचा,
हात पोळलेला आणि ओरबाडलेला मेहुणा

ता. क. हिचा वापरलेला एखादा टॉवेल किंवा ब्लाउज तिच्या नकळत पाठवाल का? न धुता पाठवा. तुम्ही दोघी एकाच आईच्या लेकी, घरातून कपडा बाहेर जायचा म्हणजे धुऊन पाठवाल, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणखी एक. हे पत्र पुरं झालं तरी दोन दिवस खिशातच राहिलं, आणि तेवढ्यात मांजरी एक झाल्या. पिठीचा साबणाचा वास आपोआप उतरला, आणि काल दुपारी पाहतो तर दोघी एकाच टोपलीत, आणि काजळी तिची मान चाटते आहे. टॉवेल मांजरींना नको आहे. टॉवेल पाठवाच.

आणि शेवटचं. हिला मी अजून काही कळवलेलं नाही. कळवलं तर ती पहिल्या गाडीने येईल, पण मांजरींसाठी येईल. म्हणून आधी तुम्ही सहज विचारून बघा, की मांजरी भांडतच राहिल्या तरी घरी जाशील का. हो म्हणाली तर गाडीची वेळ कळवा, मी स्टेशनवर येतो. नाही म्हणाली, तर लगेच खरं सांगून टाका. मांजरींसाठी आली तरी चालेल.