उंबरठ्याची उंची

सोशल वर्कर ताई,

बाबांना हॉस्पिटलमधून सोडणार होते, त्याच दिवशी तुम्ही टेप घेऊन आमच्या घरी आलात. पलंग, संडासाचं दार, उंबरठा, सगळं मोजलंत आणि म्हणालात, "अजून आठ दिवस थांबा."

मी भडकलो. "पेशंट तिकडे, आणि तुम्ही आमच्या भिंती कसल्या मोजताय?"

तुम्ही मापं वहीत लिहून घेतलीत. दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत आमच्या उंबरठ्याएवढी फळी ठोकून घेतलीत. लकव्याचा पाय बाबा रोज तिच्यावरून उचलायला शिकले. तोवर घरी संडासात धरायला दांडी बसली, नर्सबाईंच्या फेऱ्या ठरल्या. बाबांना कसं उठवायचं, हे शेजारच्या काकूंनाही तुम्हीच शिकवलंत.

काल बाबा एकटे उंबरठा ओलांडून बाहेर गेले आणि माझ्यावरच खेकसले, "बघतोस काय, खुर्ची आण!"

'या बाई सुतारकामात आठ दिवस घालवतात' अशी निनावी तक्रार त्या आठ दिवसांत तुमच्या साहेबांकडे गेली, तेव्हा तुम्ही हसून मलाच म्हणाला होतात, "असेल कुणीतरी काळजीतला." ताई, तो मीच. आता या पत्राचं पाकीट चिकटवायचा धीर होत नाही.

तुमचा,
काळजीतला कुणीतरी