दादाच्या काडतुसांची मान

शनिवार, संध्याकाळ. यिशुनमधला माझा फ्लॅट.

न्यूझीलंडहून दादाचा व्हिडिओ कॉल. रायफलचं रिकामं काडतूस कॅमेऱ्यासमोर धरून विचारतो, "ह्याची मान किती आवळू? लहान बुशिंग लावू की मोठं?" बुशिंग म्हणजे काडतुसाची मान, गोळी बसते ते तोंड, आवळणारी कडी. गेल्या सुट्टीत त्याच्या गॅरेजमध्ये गोळ्या बसवायच्या यंत्राचा दांडा मीच ओढत होते. एखादी मान सैल असली की हाताला लगेच कळायचं. इथे फ्लॅटमध्ये असलं काही ठेवणं म्हणजे गुन्हा, विचारही नको. फोन ठेवल्यावर फ्रिज उघडताना हात उगाच हळू झाला, दांड्यावर व्हायचा तसा.

पण इतकी वर्षं काडतुसं भरतोय, त्याला हे माहीत नाही? मग मला कशाला विचारलं?

मीही काही कमी नाही. "दोन्ही बुशिंगनी थोडी थोडी काडतुसं करून बघ," म्हटलं होतं. म्हणजे कुठली एकसारखी बसली ते सांगायला त्याला परत फोन करावा लागेल.